शाल-श्रीफळ राहू द्या, मायक्रोस्कोपसमोर खुर्ची द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग व पॉलिटेक्निक कॉलेजांचे प्राचार्य आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

१८ एप्रिल हा जागतिक हॅम रेडिओ दिन. हॅम म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या वायरलेस सेटवरून हौसेखातर दूरच्या लोकांशी बोलणारा माणूस. १९२५ साली याच तारखेला पॅरिसमध्ये हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, म्हणून. ही तारीख जवळ आली की तुमच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो, "सर, यंदा आमच्याकडे दोन शब्द बोलायला या." आम्ही येतो. इस्त्रीचा सदरा घालून येतो. २००१ च्या भूकंपात भुजमधून आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून हॅम लोकांनी निरोप कसे पोचवले ते सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात, शाल-श्रीफळ होतं, ग्रुप फोटो होतो. मग चहाला नेताना वाटेत इलेक्ट्रॉनिक्सची लॅब लागते. दाराला कुलूप. काचेतून डोकावलं तर टेबलावर कव्हर घातलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप, शेजारी हॉट एअर स्टेशन (गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवणारं यंत्र), त्यावर धूळ. सगळ्याच कॉलेजांत असं असेल असं नाही, पण मी गेलो त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी हेच पाहिलं.

हे पत्र त्या कुलपाबद्दल आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे उरलेलं पत्र वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. दर शनिवारी दुपारी दोन तास तुमच्या लॅबमधलं एक टेबल आम्हा म्हाताऱ्या हॅमना वापरू द्या. मायक्रोस्कोप, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर आणि बसायला एक बरी खुर्ची. बाकी सगळं आम्ही आणू.

आम्ही म्हणजे कोण? भुसावळला रेल्वे, भुसावळ-वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरला वीजनिर्मिती केंद्र. तारा, रिले आणि वायरलेस यांच्यात उभी हयात काढलेली माणसं या पट्ट्यात कमी नाहीत. त्यातल्या काहींना हॅमचा नाद लागला. कुणी पोस्ट-तार खात्यातला, कुणी शाळेत विज्ञान शिकवणारा, कुणी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवून थकलेला, एखादा रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरीही. परीक्षा देऊन परवाना घेतलेला, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळालेलं. सकाळी ४० मीटर बँडवर पुणे, नागपूर, इंदूरकडच्या मंडळींशी रामराम होतो. हा बँड आपल्याकडे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढा आहे आणि दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत तो झकास चालतो. अँटेना फार उंच नसली तर लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली येते. मध्ये सातपुडा आला काय नि अजिंठ्याचे डोंगर आले काय, तिला फरक पडत नाही.

बोलायलाच हवं असेल तर मोबाइल आहे की, असं घरचेही म्हणतात. (धडगाव-अक्कलकुव्याकडे अजूनही नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते अशी ठिकाणं आहेत, पण तो वाद इथे नको.) बोलणं हा या नादाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे सेट स्वतः बांधायचा, बिघडला तर स्वतः उघडायचा आणि चालत असला तरी त्यात काहीतरी बदल करायचा. आमच्या पिढीला परदेशी सेट परवडणारा नव्हता, त्यामुळे घरी बांधलेला सेट ही हौस कमी आणि गरज जास्त होती. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, म्हणजे व्हीयू२ईएसई यांनी, बिट-एक्स नावाच्या सेटचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी ते कागदावर उतरवून घेतलं. साधे, कुठल्याही बाजारात मिळणारे ट्रान्झिस्टर आणि कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर. हो, नळात घालतात तेच. असा सेट बांधून त्यावर पहिल्यांदा दूरच्या माणसाचा आवाज आला की माणूस दोन घास कमी जेवतो.

त्या काळातला पार्ट बोटांत धरता यायचा. आयसीच्या दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, रेझिस्टरला दोन्हीकडे लांब तारा, चुकून भलताच लागला तर काढून बरोबर तो लावा. मग एसएमडी आले, म्हणजे तारांच्या पायांशिवाय थेट बोर्डाच्या पाठीवर चिकटवायचे बारीक पार्ट. १२०६ नावाचा साइज ३.२ बाय १.६ मिलिमीटर, तो आम्ही पचवला. ०८०५ ला चष्मा बदलला. ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, इथे बायको म्हणाली, "तो काय लाडवातल्या वेलदोड्याचा दाणा आहे का, इतका वेळ शोधताय?" आणि ०४०२ म्हणजे १ बाय अर्धा मिलिमीटर, त्यावर बहुधा काही छापलेलंही नसतं. एसएमडी सिरॅमिक कपॅसिटर तर कुठल्याही साइजचा असो, त्याच्या अंगावर सहसा अक्षर नाही. एकदा पट्टीतून काढून टेबलावर दुसऱ्यात मिसळला की तो मीटरवर मोजल्याशिवाय ओळखू येत नाही. हल्लीच्या घरगुती सेटमध्ये फ्रिक्वेन्सी तयार करायला एसआय५३५१ नावाची चिप सर्रास वापरतात. स्वस्त आहे, स्थिर आहे, तक्रारीला जागा नाही. पण तिला दहा पाय आणि दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर.

इथे डोळ्यांचं गणित सांगतो, कारण "नंबरचा चष्मा घ्या की" हे उत्तर आम्हाला फार वेळा मिळालं आहे. आमच्यापैकी बहुतेकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आत बसवलेलं साधं लेन्स बहुधा लांबचं दिसावं अशा बेताने निवडतात, आणि ते डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगासारखं जवळच्यासाठी आकार बदलत नाही. मग जवळच्या कामाला +३ चा चष्मा लावला तर ३३ सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतं. त्या अंतरावरून अर्ध्या मिलिमीटरवरचे पाय काम करण्याइतके नीट वेगळे दिसत नाहीत. +५ लावला तर बोर्ड २० सेंटिमीटरवर आणावा लागतो, म्हणजे नाक थेट सोल्डरमधल्या राळेच्या धुरात. राळेच्या धुराने दमा होऊ शकतो, हे तुमच्या लॅबच्या सुरक्षा-फलकावरही लिहिलेलं असेल. बायफोकल असेल तर खालच्या भिंगातून पाहायला मान मागे टाकावी लागते, आणि त्या मानेला आधीच पट्टा लागलेला असतो. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांची वेगळीच गंमत. पिवळट झालेल्या भिंगातून निळ्या अंगाच्या मेटल फिल्म रेझिस्टरवरचे पाच पट्टे पाहायचे, तर तपकिरी, लाल आणि नारिंगी एकाच घरचे वाटतात, जांभळा काळ्यात जातो. यावर उपाय एकच, प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजणं. आम्ही ते करतो. वेळ लागतो, पण वेळ आमच्याकडे आहे.

हाताचं प्रकरण डोळ्यांपेक्षा अवघड. वयाबरोबर येणारा कंप पुष्कळदा हात मांडीवर असताना दिसतच नाही. चिमट्यात पार्ट धरून तो पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या सोल्डर करायच्या जागेवर, नेला की नेमका तेव्हाच येतो. दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा पंप घेतला की तो वाढतो, कडक चहाने वाढतो, आणि कुणी शेजारी उभं राहून पाहत असेल तर जास्तच वाढतो. मधुमेहवाल्यांची आणखी एक अडचण असते, ती बाहेरून कळत नाही. बोटांची जाणीव बोथट झालेली असली तर चटका उशिरा लागतो. धुळ्याचे आमचे नाना बोट भाजलंय हे वासावरून ओळखतात, असं ते स्वतःच हसत हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

आता यात आपला उन्हाळा मिसळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो. खोलीत कूलर किंवा पंखा चालू असेल तर चिमट्यातून सुटलेला ०६०३ पुन्हा सापडत नाही, शिवाय वाऱ्याने बिट, म्हणजे सोल्डरिंगचं तापलेलं टोक, आणि पॅड दोन्ही थंड होतात. पंखा बंद केला तर घामाचा थेंब चष्म्यावर, तिथून बोर्डावर. अशा वेळी आमच्यातला एक जण पहाटे चारला उठून सोल्डरिंग करतो. त्या वेळी हवा थंड असते, हात रात्रभराच्या झोपेने जरा शांत असतात आणि चहा अजून व्हायचा असतो. पण पहाटे चारला दिव्याच्या उजेडात काम, म्हणजे पुन्हा डोळ्यांवर आलो.

सेट नवा बांधणं एक वेळ परवडलं, त्यात बदल करणं जास्त जिकिरीचं. नव्या बोर्डावर निदान सगळं रिकामं असतं. बदल करताना आजूबाजूचे चालू पार्ट सांभाळून मधलाच एक काढायचा असतो. कारखान्यातून आलेला बोर्ड बिनशिशाच्या सोल्डरचा, तो वितळायला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं. आमच्या घरातलं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांवर वितळतं. रेडिओच्या बोर्डावर अर्थिंगसाठी तांब्याचा मोठा पत्रा पसरलेला असतो, तो सगळी उष्णता ओढून घेतो. घरची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न लावून बसा, पॅड तापत नाही, म्हणून माणूस जास्त वेळ दाबून धरतो आणि शेवटी ट्रॅकच (बोर्डावरची तांब्याची वाट) उखडून हातात येतो. खरं तर इथे जास्त दमाचं, तापमान ठरवता येणारं स्टेशन हवं. ३५० अंशांच्या आसपास ठेवून दोन-तीन सेकंदांत काम करायचं आणि बिट उचलायचा. जुन्या सांध्यात आधी थोडं शिशाचं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स (सांधा साफ करणारा पदार्थ) मिसळलं की तो लवकर सुटतो. हे सगळं आम्हाला पाठ आहे. पाठ असणं आणि पाहता येणं यात फरक आहे, एवढंच.

एक उदाहरण जवळून दाखवतो. घरगुती सेटच्या शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) फार लोकप्रिय आहे, कारण तो स्वस्त आहे आणि मूळचा स्विचिंगचा असून ४० मीटरसारख्या एचएफ बँडवर बऱ्यापैकी पॉवर देतो. त्याच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला, म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या पायाला, जोडलेला असतो, म्हणून हीट सिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती लागते आणि स्क्रूलाही प्लास्टिकचा बुश लागतो. अभ्रकाची ती चकती पारदर्शक. टेबलावर पडली तर आहे की नाही ते हाताने चाचपून पाहावं लागतं. बसवून झालं की गेटचा, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या पायाचा, बायस (व्होल्टेज) एका छोट्या प्रीसेटने, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या रेझिस्टरने, वाढवत न्यायचा आणि ड्रेनचा प्रवाह मीटरवर पाहायचा. प्रीसेट एका फेऱ्याचा असला तर स्क्रू ड्रायव्हरचा एक झटका बस होतो. गेट एका मर्यादेपर्यंत झोपलेलं असतं आणि पुढे एकदम उठतं, हात थरथरला की प्रवाह झपकन वर जातो आणि मॉसफेट बाद. हाच प्रीसेट मल्टिटर्न, म्हणजे अनेक फेऱ्यांचा, लावला की तोच थरथरता हात पुरतो. पण जुना काढून मल्टिटर्न बसवायचा म्हणजे पुन्हा तेच, बोर्डावरच्या त्या तांब्याच्या पत्र्यातून तीन पाय सोडवा.

जुन्या ट्यूबच्या सेटांचं उलट आहे. आमच्याकडे अजून एखाद-दुसरा यासू या जपानी कंपनीचा एफटी-१०१ जिवंत आहे, सत्तरच्या दशकातला. त्यातले पार्ट दिसतात, धरता येतात, बोर्ड खेचून बाहेर काढता येतात. फक्त त्याच्या फायनल ट्यूबवर ६०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज राहू शकतो. आत हात घालताना डावा हात खिशात ठेवायचा, कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचा, मीटरने खात्री करायची, हे नियम आम्ही तरुणपणी शिकलो. थरथरत्या हाताने अशा सेटमध्ये एकट्याने घरी बसून काम करावं असं मला वाटत नाही. शेजारी दुसरा माणूस हवा. लॅबमध्ये तो असतो.

आमचेच काही लोक म्हणतात की एसएमडीने हौशी लोकांचा घात केला. माझं मत तसं नाही. कंप असलेल्या हाताला काही बाबतीत एसएमडी जुन्या पद्धतीपेक्षा सोपं पडतं, साधनं नीट असली तर. बोर्डावर स्टेन्सिल (पॅडच्या जागी भोकं असलेला पत्रा) ठेवून सोल्डर पेस्ट (सोल्डरच्या भुकटीचं मलम) फासली, पार्ट अंदाजे जागेवर ठेवले, जरासे तिरपे असले तरी चालतील, आणि खालून हॉट प्लेटने तापवलं, की वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण पार्टला ओढून पॅडवर सरळ बसवतो. हे पहिल्यांदा पाहताना साठीतला माणूस पोरासारखा ओरडतो. कथील-बिस्मथची पेस्ट वापरली तर १३८ अंशांवरच वितळते, बोर्डही कमी तापतो. म्हणजे नेमकेपणाचं काम हातांकडून काढून पृष्ठताणाला दिलं. पार्ट ठेवताना मनगट टेबलावर टेकलेलं हवं, चिमटा धरलेल्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू हवा. सोल्डरिंग पेन असं हवं की पकड बिटच्या टोकाजवळ असेल. जुन्या लाकडी मुठीच्या सोल्डरिंगमध्ये पकड आणि टोक यांच्यात वीतभर अंतर असतं, त्यामुळे मुठीतला थोडासा कंप टोकाला मोठा होऊन पोचतो. यात औषधपाणी काही नाही, सगळी भूमिती आहे.

मायक्रोस्कोपबद्दल थोडं आग्रहाने लिहितो, कारण "यूएसबी कॅमेरा घ्या, स्क्रीनवर मोठं दिसतं" असा सल्ला हमखास येतो. तपासणीला यूएसबी कॅमेरा छान आहे. काम करताना तो चित्र सपाट दाखवतो, खोली कळत नाही. बिटचं टोक पॅडला टेकलं की वरच तरंगतंय हे समजत नाही, आणि चित्र किंचित उशिरा येतं म्हणून हात पुढे जाऊन मग थांबतो. कंप असलेल्याला हा उशीर फार नडतो. दोन डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप खोली दाखवतो. तुमच्याकडे बहुधा ७ ते ४५ पट झूमचा असेल, आम्हाला दहाच्या आसपास पुरतो. फक्त त्याला खालून अर्ध्या पटीचं जोडभिंग लावून द्या, म्हणजे भिंग आणि बोर्ड यांच्यात सोल्डरिंग घालायला पुरेशी जागा मिळेल. आणि वरच्या गोल दिव्यापेक्षा एका बाजूने येणारा उजेड बरा. गोल दिव्याने सोल्डरचा सांधा नुसता चकाकतो, बाजूच्या उजेडात त्याचा उतार दिसतो आणि कच्चा सांधा पकडता येतो. बिनशिशाचा चांगला सांधाही मुळात मंद दिसतो, त्यामुळे जुन्या माणसाने चकाकीवरून परीक्षा करणं सोडायला हवं. उतार पाहायचा.

मग स्वतः का घेत नाही? काहींनी घेतलाय. बहुतेकांची पेन्शन औषधांत जाते आणि वर्षातून चार-सहा वेळा लागणारी वस्तू घेणं घरात पटवता येत नाही. काही जण जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरांकडे जातात. ती पोरं गुणी आहेत. "बाबा, बसा" म्हणतात, गिऱ्हाईक नसलं तर पाच मिनिटांत चिप बसवून देतात आणि पैसे घेत नाहीत. पण ते त्यांचं पोट आहे, तिथे दोन तास ठाण मांडून बसणं बरं दिसत नाही. शिवाय चिप बसवणं हा कामाचा दहावा भाग. बसवली, पॉवर दिली, आउटपुट नाही, मग ऑसिलोस्कोप लावून मागे मागे जायचं, हे दुकानाच्या काउंटरवर होत नाही.

तुमच्या अडचणीही मला माहीत आहेत. एका कॉलेजात हीच मागणी तोंडी केली तेव्हा उत्तर मिळालं की बाहेरच्या व्यक्तींना लॅबमध्ये प्रवेश देण्याची तरतूद नाही. तरतूद नसते, ती करावी लागते. साधन मोडलं तर? लॅबची नोंदवही असते, तीत आमची सही घ्या, बिट आणि नोझल आमचे आम्ही आणू, सोल्डर, फ्लक्स, पेस्ट, विक (जुनं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) सगळं आमचं. शनिवारी लॅब असिस्टंटला थांबावं लागेल, ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याला बदली सुटी द्या किंवा मानधन ठरवा, वर्गणीत आम्ही आहोत. फुकट थांबवून ठेवायला आम्हालाही आवडणार नाही.

ट्रान्समीटर म्हटलं की काहींना धास्ती वाटते, तीही समजू शकतो. लॅबमध्ये अँटेना लावायची नाही, चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) होईल, आणि प्रसारणाचं बटण ज्याच्याकडे परवाना आहे तोच दाबेल. पेसमेकर बसवलेला कुणी असेल तर तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच येईल. खोलीत हवा खेळती हवी आणि धूर ओढून घेणारा छोटा पंखा असेल तर उत्तम. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही. चहा आमच्या नियमानुसार काम संपल्यावरच. कारण वर सांगितलंच.

विद्यार्थ्यांना यात काय मिळेल, हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि उत्तरादाखल मी भाषण द्यावं अशी अपेक्षा असते. ज्याला यायचंय त्याने यावं, ज्याला नको त्याने येऊ नये. एक गोष्ट मात्र नक्की सांगतो. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत तयार मॉड्यूल जंपर वायरने जोडलेली असतात. ती चालतात, पण पोरांना विचारलं की ही तार दोन इंचांनी लांब केली तर काय होईल, तर ती गप्प होतात. सात मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही. १४४ वर होतं. का होतं, हे टेबलावर स्वतः पाहिलं की कळतं. टोरॉइडवर, म्हणजे रिंगसारख्या गाभ्यावर, कॉइल गुंडाळताना तार छिद्रातून जितक्या वेळा जाईल तितके फेरे मोजायचे, ही साधी गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि पोरगं एक फेरा कमी मोजतं. आम्ही हल्ली मोबाइलने फोटो काढून, मोठा करून फेरे मोजतो. हे आम्हाला एका विद्यार्थ्यानेच शिकवलं. तारेवरचा इनॅमल खरवडायचा त्रास नको असेल तर चक्क सोल्डरिंगनेच जळून जाणाऱ्या पॉलियुरेथेन इनॅमलची तार घ्यावी, हे आम्ही त्याला शिकवलं. हिशेब बरोबर.

आणखी एक विषय आहे, जरा नाजूक. आमच्यातला एखादा जातो तेव्हा त्याच्या खोलीत चाळीस-पन्नास वर्षांचा पसारा मागे राहतो. क्रिस्टल, ट्यूबा, फेराइटच्या रिंग, डब्यांत वर्गवारी केलेले रेझिस्टर, हाताने बांधलेली टेस्ट इन्स्ट्रुमेंट्स. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला. ट्रान्समीटर परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही, आणि बाकीचं किलोवर भंगारात जातं. दोन ठिकाणी मी स्वतः भंगारवाल्याच्या हातगाडीवरून एअर व्हेरिएबल कपॅसिटर परत विकत घेतलेत. तुमच्या विभागाने एक कपाट दिलं तर हा माल तिथे येईल. कॉलेजने हॅम क्लब स्टेशनचा परवाना घेतला तर सेटही रीतसर ठेवता येतील. त्यासाठी परवानाधारक लागतात, ते आम्ही आहोतच. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज कसा भरायचा हे शेजारी बसून दाखवू. १२ वर्षांच्या पुढचं कुणीही परीक्षा देऊ शकतं, म्हणजे तुमचे सगळे विद्यार्थी पात्र आहेत, आणि प्राध्यापकही.

बोर्ड आणि किट बनवणाऱ्यांशीही आम्हाला भांडायचं आहे. पार्ट १२०६ च्या खाली नेऊ नका, टेस्ट पॉइंट मोठे ठेवा, सर्किट डायग्राम पूर्ण द्या, अक्षर बारीक छापू नका. पण ते पत्र वेगळं लिहीन. तोवर आमच्यापुरता एक मार्ग आम्ही काढलाय. तांब्याच्या प्लेटवर छोटे चौकोनी तुकडे फेव्हिक्विकने चिकटवून त्यावर पार्ट उभे करायचे. मॅनहॅटन पद्धत म्हणतात. दिसायला भुसावळ यार्डासारखं दिसतं, पण प्रत्येक सांधा दिसतो आणि उद्या बदल करायचा असला तर एक तुकडा उखडून दुसरा लावला की झालं. यावर साधे रिसीव्हर बांधायची कार्यशाळा तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊ, तिला मायक्रोस्कोपही लागत नाही.

आता कामाचं. दिवाळीनंतरच्या सत्रात कुठल्याही एका कॉलेजाने सुरुवात करावी, तिन्ही जिल्ह्यांत एकदम नको. तेव्हा हवाही बरी असते. दुपारी दोन ते चार ठेवा, म्हणजे चोपड्या-पारोळ्याकडची मंडळीही एसटीने अंधार पडण्याआधी घरी. पहिल्या महिन्यात एका वेळी चौघांपेक्षा जास्त जण येणार नाहीत, कोण येणार ती यादी गुरुवारी लॅब असिस्टंटकडे पोचेल. लॅब दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर मायक्रोस्कोप आणि स्टेशन शनिवारपुरतं तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत आणता येईल का तेवढं पाहा. उचलायला आमचे नातू येतील. खुर्ची हातांची असली तर बरं, उठताना आधार लागतो. आणि टेबलाला जाड फळी असू द्या, शेजारच्याने पेन आपटलं तरी मायक्रोस्कोपखालचा बोर्ड हलतो.

होकार असेल तर प्राचार्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र पुरे.

आपला,
एक निवृत्त तारवाला आणि हॅम, भुसावळ